गायरानावर लँडफिल प्रस्तावित आहे, भूगर्भ तपासणीचा अहवाल कसा वाचायचा?

माळरानकर

नमस्कार मंडळी. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव. जवळच्या शहराच्या कचऱ्यासाठी आमच्या गायरानावर लँडफिल (कचरा पुरायची जागा) करायचं घाटतंय. जनसुनावणीची नोटीस लागलीय. पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवलाय. मी ग्रामपंचायत सदस्य, विज्ञान शाखेतून शिकलेला, म्हणून गावाने अहवाल वाचायला माझ्याकडे दिलाय.

भूगर्भाबद्दल त्यात जेमतेम दोन पानं आहेत. जागेवर पाच बोअर, प्रत्येकी दहा मीटर खोल. वर दोन-तीन मीटर मुरूम, त्याखाली "कठीण, अभेद्य बेसाल्ट". भूजल "आढळले नाही". काम मे महिन्यातलं. पुढे एका ओळीत निष्कर्ष: जागा भूशास्त्रीयदृष्ट्या योग्य.

आता आमची अडचण. गायरानाच्या वरच्या कोपऱ्यात जुनी दगडखाण आहे. "खड्डा तयारच आहे" म्हणून कचऱ्याचा पहिला टप्पा तिथेच धरलाय. माळाच्या पायथ्याला ओढा आणि ओढ्याकाठी गावच्या बहुतेक विहिरी. नळयोजनेची विहीरही त्यातच. शहराचा कचरा कुठेतरी जाणार हे आम्हाला कळतं, विरोधासाठी विरोध करायचा नाही. पण ही दोन पानं पुरेशी आहेत का? आणि नसतील तर सुनावणीत नेमकं काय मागायचं?

कातळवाचक

दादा, अहवालातली मे महिन्याची तारीख आधी अधोरेखित करा. तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांच्या (२०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) पहिल्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं होतं की तळाच्या मातीच्या अडथळा-थराच्या खाली किमान दोन मीटरपर्यंत भूजल नको. हे अंतर मोजायचं ते भूजलाच्या सर्वोच्च पातळीपासून. आपल्या ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकाच्या मुलखात मे आणि सप्टेंबरच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक पडतो, हे विहीर असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मेच्या शेवटी दहा मीटरचं भोक कोरडं निघालं, तर त्यावरून मेची पातळी कळते, सर्वोच्च पातळी नाही. आघात अहवालांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी घ्यायचा प्रघात आहे. हवेच्या मोजणीसाठी तो ठीक असेल, पण भूजलासाठी नेमका नको तो हंगाम हाती येतो.

दुसरा मुद्दा खोलीचा. खाणीचा तळ आजच्या जमिनीपासून किती खाली आहे? समजा आठ मीटर असेल आणि बोअर बाहेरच्या माळावर दहा मीटर घेतले असतील, तर कचऱ्याच्या तळाखालच्या फक्त दोन मीटर खडकाची माहिती तुमच्याकडे आहे. प्रश्न तर त्या तळाखाली काय आहे हाच आहे. बोअरच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची, खाणीच्या तळाची उंची आणि विहिरींच्या पाण्याची उंची एकाच तक्त्यात मागा. ती अहवालात नसेल तर पाच बोअर असोत की पन्नास, त्यांचा एकमेकांशी मेळ लागणार नाही.

आता "अभेद्य बेसाल्ट". हातात घेतलेला काळ्या पाषाणाचा तुकडा खरोखरच पाणी आत घेत नाही. पण माळ म्हणजे एक तुकडा नाही. लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचलेत. प्रत्येकाच्या माथ्याकडे वायूच्या पोकळ्यांचा भाग, पोटात घट्ट कातळ आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा थर. घट्ट कातळात लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा असतात आणि पाणी खाली उतरतं ते त्या वाटेने. तांबड्या थरावर आलं की पुष्कळदा ते आडवं वळतं आणि उताराला झरा म्हणून बाहेर पडतं. तुमच्या ओढ्याकाठच्या विहिरी तिथेच का आहेत, याचं उत्तर बहुधा यातच मिळेल.

पाचही बोअर उभे असणार. उभी भेग उभ्या भोकाला सापडणं अवघड. दोन भेगांच्या मधून बोअर गेला की नोंदवहीत "घट्ट, अखंड कातळ" असं येतं आणि भेग हातभर बाजूला राहून जाते. म्हणून तिरके बोअर लागतात.

शिवारातली_वाट

वाचतेय. आमच्या तालुक्यातही हेच चाललंय, त्यामुळे धागा जपून ठेवतेय.

बोअरमास्तर

मी धरणांच्या पायातपासणीच्या कामांवर ड्रिलिंग बघायचो. माळरानकर, बोअर कोणत्या मशिनने घेतले हे आधी विचारा. पाण्याची बोअर घेणारी गाडी हवेच्या दाबाने खडकाचा चुरा करून वर फेकते. त्या चुऱ्यातून खडक काळा की तांबडा हे कळतं, पण भेग आहे की नाही, असली तर उघडी की भरलेली, यातलं काही कळत नाही. या कामाला हिऱ्याच्या बिटाचं कोअर ड्रिलिंगच पाहिजे. त्यात खडकाची दंडगोल कांडी अखंड बाहेर येते.

त्या कांड्या खोक्यात ओळीने लावून ठेवतात आणि प्रत्येक खेपेच्या शेवटी खोलीचा आकडा लिहिलेली लाकडी पट्टी घालतात. ती खोकी बघायला मागा, निदान फोटो तरी. एका खेपेत दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे किती निघाले, त्यांच्या लांबीची बेरीज भागिले खेपेची लांबी म्हणजे आरक्यूडी. नव्वद टक्के असला तर तुकडे लांब आहेत, वीस-तीस असला तर खडक पार मोडलेला आहे.

आकड्यापेक्षाही कांडीचं तोंड बघा. तुटलेली बाजू ताजी, काळी आणि धारदार असेल तर ती मशिनने मोडलीय. तीच बाजू तांबूस-तपकिरी डागाळलेली असेल, बोटाला गंजासारखी भुकटी किंवा चिकट माती लागत असेल, तर त्या भेगेतून वर्षानुवर्षं पाणी वाहिलंय. हे ओळखायला भूशास्त्राची पदवी लागत नाही. गावातले विहीर फोडणारे लोक सोबत न्या, ते तुमच्या आधी बोट ठेवतील.

आणखी एक. ड्रिलिंगला घातलेलं पाणी वर परत येतं. एखाद्या खोलीला ते येईनासं झालं तर साइटवर आम्ही म्हणायचो "पाणी पळालं". ही नोंद खोलीसह ड्रिलरच्या रोजच्या वहीत असते. छापील अहवालात ती क्वचितच पोचते. ती वही मागाच.

नगर_अभियंता

मी एका नगरपरिषदेत (ही नाही) काम केलंय, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. कुठल्याही गावाला ही जागा आपल्या शिवारात नको असते. २०१६ च्या नियमांप्रमाणे नदीपासून १०० मीटर, तलावापासून २००, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर, शिवाय विमानतळापासून २० किलोमीटर, शंभर वर्षांतल्या पूररेषेच्या बाहेर, आणि तरी २० ते २५ वर्षं पुरेल एवढी मोठी. हे सगळं नकाशावर लावलं की बोटावर मोजण्याएवढ्या जागा उरतात आणि त्या बहुतेक गायरानच असतात.

शिवाय तळाला नुसता खडक थोडाच असतो? ९० सेंटिमीटर दाबलेली माती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा पडदा, वर लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) गोळा करायच्या नळ्या. एवढं अस्तर नीट घातलं तर खालच्या भेगांची एवढी धास्ती का घ्यायची?

तपासणी तोकडी का होते हे मात्र मी जवळून बघितलंय. निविदा काढताना इमारतीच्या पायाचाच मसुदा उचलला जातो. ठेकेदार मग जमिनीची भारवहन क्षमता काढून देतो. इमारतीला कठीण खडक म्हणजे चांगली बातमी, तेच वाक्य लँडफिलच्या अहवालात येऊन बसतं. झिरपा मोजायची बाब निविदेतच नसते, मग मोजणार कोण? माळरानकर, तुमच्या अहवालात "एसबीसी" (हीच भारवहन क्षमता) असा रकाना असेल तर हेच झालंय.

माळरानकर

सर, आहे! प्रत्येक बोअरपुढे एसबीसीचा आकडा आहे. झिरप्याचा एकही नाही.

कातळवाचक

अभियंता साहेब, अस्तराचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, सुनावणीतही तोच येणार.

२०१६ च्या नियमांनी मातीच्या थराच्या झिरप्याला घातलेली मर्यादा होती सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोट्यंश. वर्षाच्या हिशेबात सुमारे तीन सेंटिमीटर. म्हणजे ९० सेंटिमीटर ओलांडायला तीसेक वर्षं, असं वरवर दिसतं. पण पाणी मातीच्या कणांमधून जात नाही, कणांमधल्या पोकळीतून जातं. पोकळी चाळीस टक्के धरली तर पाण्याचा पहिला थेंब बारा वर्षांच्या आसपास खाली पोचतो. लीचेट वर साचलं तर त्याहून लवकर. म्हणून अस्तरावर ते ३० सेंटिमीटरच्या वर साचू द्यायचं नाही, असा संकेत आहे. वरचा एचडीपीईचा पडदा शाबूत असला तर ही वेळ पुष्कळ लांबते. पण पडदा सांधलेला असतो, त्यावर यंत्रं फिरतात, एखादा टोकदार दगड खालून वर येतो. जगात कुठेही भोकं पडणारच असं गृहीत धरून रचना करतात. बंद केल्यानंतरची देखभाल २०१६ च्या नियमांत किमान १५ वर्षं सांगितली होती. कचरा त्यानंतरही तिथेच असतो.

आता खडकाकडे या. बोअरचा एक टप्पा रबरी पॅकरने बंद करून आत दाबाने पाणी सोडतात. दहा बार दाबाला एक मीटर लांबीत मिनिटाला एक लिटर पाणी शिरलं तर तो एक ल्युजॉन. धरणाच्या पायात एक ल्युजॉनचा खडक उत्तम मानतात. झिरप्याच्या भाषेत तो सेकंदाला सेंटिमीटरचा साधारण एक लाखांश, म्हणजे मातीच्या अस्तरापेक्षा शंभरपट जास्त पाणी सोडणारा. उत्तम कातळाची ही गत, तर सुरुंग लावून हादरलेल्या खाणीच्या तळाचं काय? स्फोटाने जुन्या भेगा उघडतात, नव्या पडतात. खाणीचा तयार खड्डा खणाईचा खर्च वाचवतो, पण सगळ्यात जास्त तपासणी त्याच तळाची लागते.

अस्तराच्या मातीचंही बघा. आपली काळी माती झिरप्याला उत्तम, पण वाळली की तडकते. ओलावा राखून, पातळ थरांत दाबून ती लगेच झाकली नाही तर एका उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. माती कुठून आणणार, तिचा झिरपा प्रयोगशाळेत आणि जागेवर दोन्हीकडे मोजणार का, हे विचारा.

रसायनवाली

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. खडकावर बोलायचा माझा अधिकार नाही, पण विहिरींबद्दल कळकळीने सांगते.

माळरानकर दादा, प्रकल्प होवो न होवो, गावच्या विहिरींचं पाणी आत्ताच तपासून घ्या. पायाभूत नोंद घेणं २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रकल्पवाल्यांचंच काम आहे. तरी गावाकडे स्वतःची प्रत असावी. उद्या विहिरीत नायट्रेट वाढलं तर पहिलं उत्तर येतं, "तुम्ही शेतात युरिया टाकता." आणि ते खोटं म्हणता येत नाही, कारण आपल्या बागायती पट्ट्यात ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर गेलेल्या विहिरी आधीपासून आहेत. आधीचा आकडा नसेल तर भांडण तिथेच संपतं.

म्हणून क्लोराइड मोजा. ते मातीत अडकत नाही, जिवाणू त्याला खात नाहीत, पाण्याबरोबर सरळ पुढे जातं. लीचेटमध्ये ते भरपूर असतं, त्यामुळे इशारा बहुधा आधी त्याच्याकडून मिळतो. पिण्याच्या पाण्याला क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. पण तुमच्या विहिरीत आज ४० असेल आणि तीन वर्षांत १२० झालं, तर मर्यादेच्या आत असूनही काहीतरी येतंय हे नक्की. सोबत एकूण विद्राव्य क्षार, अमोनिया, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं मोजमाप) आणि जड धातूंत निदान शिसं, कॅडमियम, क्रोमियम. उन्हाळा, पावसाळा, पावसाळ्यानंतर असे तीन नमुने. धातूंसाठीचा नमुना वेगळ्या बाटलीत, आम्ल घातलेला लागतो. बाटल्या प्रयोगशाळेतूनच न्या, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आणलेला नमुना उद्या कोणी मानणार नाही. नमुना घेताना पंच, तारीख आणि विहिरीचा गट क्रमांक कागदावर घ्या.

हडपसरकर

पुण्याच्या पूर्वेला राहतो. कोथरूडचा डेपो बंद करायची वेळ आली आणि पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या जुन्या दगडखाणींत जायला लागला, तो काळ आमच्या भागातल्या मोठ्यांना आठवतो. अस्तर, निरीक्षण विहिरी हे विषय पुष्कळ नंतर आले. विहिरींचं पाणी वापरातून गेलं, गावांना टँकर लागले, आंदोलनं झाली. मग काही भागावर आच्छादन घातलं गेलं, जुना कचरा उपसून चाळायची कामं निघाली. हे सगळं कचरा पडून गेल्यावर. खाणीच्या तळाची तपासणी आधी करायला जो खर्च येतो, तो नंतरच्या या सगळ्यापुढे काहीच नाही. माळरानकर, खाणीच्या मुद्द्यावर मागे हटू नका.

सड्यावरून

कोकणातली भर. आमच्याकडे बेसाल्टवर जांभा आहे. सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर) पडलेलं पुष्कळसं पाणी आत मुरतं आणि सड्याच्या कडेखाली झरे होऊन वाड्यांत येतं. वर माणूस नाही, शेती नाही, म्हणून नकाशात सडा रिकामा दिसतो आणि कचऱ्याला तोच सुचवला जातो. खालच्या दहा वाड्यांचं पिण्याचं पाणी तिथे मुरत असतं. तुमचा माळही असाच मुरणीचा नाही ना, ते बघा.

शिवारातली_वाट

गायरानाला अहवालात "पडीक जमीन" म्हटलं असेल तर त्यालाही हरकत घ्या. धनगरांची मेंढरं कधी येतात, चिंकारा, लांडगा, खोकड कुठे दिसतात, तणमोर-माळटिटवीसारख्या पक्ष्यांची घरटी कुठे असतात, हे सगळं पर्यावरण तपासणीतच यायला हवं. गवताळ माळावरचे बरेच पक्षी पावसाळ्यात वीण करतात. उन्हाळ्यातल्या सर्वेक्षणात त्यांची घरटी दिसणारच नाहीत. इथेही हंगाम चुकलाच की.

माळरानकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

एसबीसीचा मुद्दा आणि मेची तारीख ग्रामसभेत वाचून दाखवली. खाणीच्या वहिवाटीतले एक आजोबा उठून म्हणाले, "भादव्यात खाणीत पोरं पोहतात, तिथं पाणी नाही कसं?" खरंच आहे, पावसाळ्यानंतर खाणीत दिवाळीच्या पुढेपर्यंत पाणी असतं. आम्ही रोज बघतो, पण कागदावर मांडायचं कुणालाच सुचलं नव्हतं. लोकांकडे मोबाइलवर जुने फोटो निघाले, तारखेसकट. ते जोडतोय.

ओढ्याकाठच्या विहिरींत उतरून बघितलं. मुरूम, खाली मांजऱ्या (पोकळ्यांचा खडक), मग तांबडी माती आणि त्या तांबड्या पट्ट्याच्या अगदी वर दोन विहिरींना झरा आहे. कातळवाचक सर म्हणाले तसंच. खाणीच्या भिंतीतही एका बाजूला तांबडा पट्टा दिसतो. तो हाच पट्टा आहे का, हे कसं ठरवायचं? आणि माळावरचं पाणी विहिरींकडेच येतं हे दाखवता येईल का?

कातळवाचक

दोन्ही करता येईल, आणि पहिलं काम गावालाही जमेल. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) असलेला कुणी सर्वेक्षक गाठा. खाणीतल्या तांबड्या पट्ट्याची आणि दोन्ही विहिरींतल्या पट्ट्याची उंची एकाच संदर्भबिंदूवरून काढा. लाव्हाचे थर आपल्या पठारावर बहुतांशी आडवे असल्याने उंची जवळपास सारखी किंवा ओढ्याकडे किंचित उतरती आली, तर थर एकच असण्याची शक्यता खूप वाढते. पक्कं करायला खाण आणि विहिरींच्या मधे एक कोअर बोअर लागेल, तो त्यांनी घ्यावा अशी मागणी करा.

पाण्याच्या दिशेसाठी सरळ रेषेत नसलेल्या तीन विहिरी पुरतात. एकाच दिवशी, पंप बंद ठेवून पाण्याची पातळी मोजा, उंचीत बदला आणि नकाशावर मांडा. पाणी उंच पातळीकडून सखल पातळीकडे जातं, उताराची दिशा त्या त्रिकोणातून निघते. भेगाळ खडकात ते भेगांच्या दिशेने वाकू शकतं, म्हणून याला अंतिम पुरावा म्हणू नका. पण अहवालात एवढंही नाही, हे त्यातून ठसठशीत दिसेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी मागा. मेच्या आणि पावसाळ्यानंतरच्या पातळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की फरक बोलेल.

नगर_अभियंता

सुनावणीबद्दल थोडं. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. गणसंख्येची अट नसते, म्हणून बहिष्कार टाकू नका, सुनावणी झाली असंच धरलं जातं. प्रत्येक मुद्दा लेखी द्या आणि पोच घ्या. शेवटी कामकाजाचा गोषवारा तिथेच मराठीत समजावून सांगायचा असतो. तेव्हा उठून आपला मुद्दा त्यात आलाय का ते तपासा. अंतिम अहवालात प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. "आमचा विरोध आहे" याला उत्तर देणं सोपं. "खाणीच्या तळाखाली पॅकर चाचणी किती खोलीपर्यंत केली आणि आकडा किती आला" याला आकडाच द्यावा लागतो.

माळरानकर

अर्ज तयार केलाय. मागण्या अशा: पावसाळाभर पातळी मोजायला निरीक्षण विहिरी, एक वरच्या अंगाला आणि बाकीच्या ओढ्याकडे. खाणीच्या तळापासून खाली कोअर बोअर, त्यातले काही तिरके, प्रत्येक टप्प्याला पॅकर चाचणी. ड्रिलरच्या रोजच्या वह्या आणि खोक्यांचे फोटो. सगळ्या उंच्या एका तक्त्यात. गावच्या विहिरींचे तीन हंगामांचे नमुने, पंचांसमोर. हे झाल्याशिवाय "जागा योग्य" हे वाक्य अहवालातून काढावं. तपासणीत जागा खरंच चांगली निघाली तर गाव अटींवर बोलायला तयार आहे, हेही लिहिलंय.

तिरक्या बोअरची दिशा आम्ही सुचवावी का त्यांच्यावर सोडावी?

बोअरमास्तर

सोडू नका. खाणीच्या भिंतीवर उभ्या भेगा उघड्या दिसतात, त्यांची दिशा होकायंत्राने नोंदवा. मोबाइलमधलं चालेल, पण लोखंडापासून लांब उभं राहा, आणि एकाच जागी चार-पाच वेळा मोजून बघा, काही काळ्या खडकात चुंबकत्व असतं. बहुतेक भेगा ज्या दिशेला धावतात तिच्याशी काटकोनात बोअर तिरका घ्यायला लावा. भेगांचे दोन संच दिसले तर दोन बोअर. खाणीच्या कडेपासून सुरू करून तळाखाली जाईल असा कोन ठेवला की हादरलेला भाग आणि त्याखालचा शाबूत कातळ एकाच भोकात मिळतो. भिंतीचे फोटो इथे टाका, दिशा ठरवायला मदत करतो.